जालना जिल्ह्यातील पर्यटन व व्यवसायसंमेलने

देवदर्शन, इतिहासस्थळांची पाहणी, व्यापार, प्रशिक्षण किंवा परिषद अशा निमित्तांनी बाहेरून येणाऱ्या व्यक्तींची ने-आण, निवास, भोजन व इतर सेवा यांवर आधारलेला जालना जिल्ह्यातील व्यवसाय. पर्यटन व व्यवसायसंमेलने ही उद्योगाची दोन अंगे सामान्यतः वेगवेगळी मानली जातात. परंतु दोहोंना लागणाऱ्या सेवा एकच असून त्यांच्यापुढील अडचणीही बव्हंशी समान आहेत. विकसनशील देशातील एखाद्या मध्यम आकाराच्या जिल्ह्यात हा उद्योग कोणत्या कारणांनी रुजतो आणि कोणत्या कारणांनी खुंटतो, हे समजून घेण्यास जालन्याचे उदाहरण उपयुक्त आहे. या जिल्ह्यात येणाऱ्यांची वाण नाही. उणीव आहे ती त्यांच्या मुक्कामाची.

संकल्पना व स्वरूप : व्यवसायसंमेलनांमध्ये परिषदा, अधिवेशने, औद्योगिक व कृषी प्रदर्शने, विक्रेत्यांचे मेळावे आणि कंपन्यांनी विक्रेत्यांना किंवा कर्मचाऱ्यांना घडविलेल्या प्रोत्साहनपर सहली यांचा समावेश होतो. सामान्य प्रवाशाच्या तुलनेने अशा संमेलनास येणारी व्यक्ती दररोज अधिक खर्च करते, सुटीच्या हंगामाबाहेरही प्रवास करते आणि पुढे व्यापारी संबंधांच्या रूपाने त्या स्थळाशी निगडित राहते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांनी या उद्योगास उत्तेजन दिले. भारतात १९५६ साली नवी दिल्ली येथे युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद भरली. तिच्या निमित्ताने विज्ञान भवन व अशोक हॉटेल या वास्तू उभ्या राहिल्या. १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ व १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. २०२३ साली भारताकडे जी–२० गटाचे अध्यक्षपद असताना नवी दिल्लीत ‘भारत मंडपम्’ हे भव्य संमेलन-संकुल खुले झाले आणि त्या गटाच्या बैठका देशातील अनेक शहरांत भरविण्यात आल्या.

मोठ्या राजधान्यांना साधणारी ही वाट लहान शहरांना मात्र तशीच अनुसरता येत नाही. निवासाची खोली किंवा सभागृहातील आसन हे नाशवंत मालासारखे असते. आज रिकामे राहिलेले आसन उद्याच्या विक्रीसाठी साठवून ठेवता येत नाही. वर्षातून मोजके दिवस भरणारे आणि उरलेले दिवस ओस पडणारे सभागृह व्याज, वीज व देखभाल यांच्या भाराने तोट्यात जाते. याउलट पुरेशा सोयी नसल्यामुळे संमेलने येत नाहीत आणि संमेलने येत नाहीत म्हणून सोयींत भांडवल गुंतविले जात नाही. विकसनशील प्रदेशांतील या उद्योगाची मूळ कोंडी हीच होय.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर असे पाच तालुके त्यात समाविष्ट करण्यात आले. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा या तालुक्यांची भर पडून ही संख्या आठ झाली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ७,७०० चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६ होती. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा, दुधना व कुंडलिका या इतर प्रमुख नद्या होत. कुंडलिकेच्या काठी वसलेले जालना शहर जुनी व्यापारपेठ म्हणून प्रसिद्ध असून ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या वैभवाची स्मृती टिकवून आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानातील मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आल्यामुळे या पेठेस विशेष चालना मिळाली. जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेले छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर जालन्यापासून सु. ६० किमी. अंतरावर आहे. या सान्निध्याचे लाभ व तोटे दोन्ही जालन्याच्या वाट्यास आले आहेत.

धार्मिक पर्यटन : जिल्ह्यात येणाऱ्यांपैकी मोठा वर्ग भाविकांचा आहे. भोकरदन तालुक्यातील राजूर येथील गणपतीस साडेतीन पीठांपैकी एक पीठ मानतात. अंगारकी चतुर्थीस तेथे मोठी गर्दी लोटते. अंबड येथील टेकडीवरील मत्स्योदरी देवीच्या दर्शनासाठी आश्विन महिन्यातील नवरात्रात परिसरातील जिल्ह्यांतून भाविक येतात. टेकडीच्या मत्स्याकृतीवरून देवीस हे नाव पडले असे सांगतात. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (जन्म १६०८) असून तेथे रामनवमीचा उत्सव होतो.

या यात्रांचे एक वैशिष्ट्य असे, की त्या पूर्वापार बाजाराशी जोडलेल्या आहेत. देवदर्शनानंतर भांडी, घोंगड्या, शेतीची अवजारे यांची खरेदी करणे, सोयरिकीची बोलणी करणे आणि देण्या-घेण्याचे व्यवहार मिटविणे हा यात्रेचाच भाग असे. या दृष्टीने पाहता जत्रा हे ग्रामीण समाजाचे व्यवसायसंमेलनच होते. तेथे मुक्कामासाठी धर्मशाळा, पाण्यासाठी बारव आणि भोजनासाठी अन्नछत्र अशी व्यवस्था दानधर्मातून चाले. मोटार वाहतुकीच्या प्रसारामुळे भाविक सकाळी येऊन सायंकाळी परतू लागले. गर्दी वाढली, पण मुक्काम घटला. अशा गर्दीपासून गावास मिळणारे उत्पन्न मुख्यतः नारळ, फुले, प्रसाद व चहा-फराळ यांपुरते उरते. कचरा, सांडपाणी व रस्त्यांवरील ताण यांचा भार मात्र ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस सोसावा लागतो.

ऐतिहासिक स्थळे : भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सांची येथील स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. १९७३ मध्ये शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उजेडात आले. त्यांत हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग होता. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकट साम्य असल्याने भोकरदनचा रोमन जगाशी असलेला व्यापारसंबंध हा अभ्यासाचा विषय ठरला. भोकरदनजवळ केळणा नदीच्या काठी ब्राह्मणी लेणीही आहेत.

जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौजेने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूच्या विजयामुळे जगप्रसिद्ध झाला; तथापि आपली सर्वोत्तम लष्करी कामगिरी म्हणून त्याने असईचाच निर्देश केला. यूरोपात अशा रणभूमी पाहण्यासाठी प्रवासी मुद्दाम जातात. तेथे रणभूमीचा नकाशा, मार्गदर्शक फलक, छोटे संग्रहालय आणि प्रशिक्षित वाटाड्या यांच्या साहाय्याने शेतजमिनीतूनही युद्धाचे चित्र उभे केले जाते. भोकरदन व असई ही दोन्ही स्थळे अजिंठ्याच्या दक्षिणेस फार दूर नाहीत. परंतु अजिंठा व वेरूळ पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या कार्यक्रमात त्यांना क्वचितच स्थान मिळते. इतिहासाचे महत्त्व पर्यटकास आपोआप उमगत नाही. ते जागेवर समजावून सांगण्याची व्यवस्था करावी लागते.

व्यापारी व कृषिविषयक संमेलने : जालन्याचे या क्षेत्रातील खरे बलस्थान बियाणे उद्योगात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. संकरित बियाण्यांच्या प्रसाराच्या कार्याबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या उद्योगाच्या विस्ताराबरोबर जालन्यात अनेक बीजकंपन्या उभ्या राहिल्या. बियाण्याचा व्यापार विश्वासावर चालतो. पाकिटातील दाणे पाहून वाणाचा गुण कळत नाही, तो उभ्या पिकात पाहावा लागतो. यामुळे विक्रेते, शेतकरी व शास्त्रज्ञ यांना शेतावर आणून पीक-प्रात्यक्षिके दाखविण्याची पद्धत रूढ झाली. शिवारफेरी या नावाने ओळखली जाणारी ही भेट म्हणजे मातीवर भरलेले प्रदर्शनच होय आणि ते दूरच्या शहरातील आलिशान सभागृहात हलविता येत नाही.

अशाच प्रकारच्या अभ्यासभेटी इतर कारणांनीही होतात. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास, शेततळी व द्राक्षबागा यांमुळे प्रसिद्धीस आले. खरपुडी येथील कृषिविज्ञान केंद्राचा या कामात मोठा वाटा असून, केंद्राच्या चर्चासत्रांना शेतकरी आवर्जून येतात. जालना येथे २०१८ मध्ये सुरू झालेली रेशीम कोषांची बाजारपेठ ही राज्यातील अशी पहिली बाजारपेठ होय. तोवर महाराष्ट्रातील कोष उत्पादकांना कर्नाटकातील रामनगरमसारख्या दूरच्या बाजारावर अवलंबून राहावे लागे. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आहे. भंगारापासून पोलादी सळया तयार करणारे कारखाने खरेदीदार, तंत्रज्ञ व यंत्रविक्रेते यांना शहरात आणतात. रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या मराठवाडा केंद्रामुळे शैक्षणिक परिषदांची शक्यता निर्माण झाली असून श्री गणपती नेत्रालयात उपचारांसाठी परजिल्ह्यांतील रुग्ण आपल्या नातलगांसह येतात. यांपैकी कोणीही स्वतःस पर्यटक म्हणवीत नाही. त्यामुळे पर्यटनाच्या नियोजनात त्यांची गणना होत नाही. परंतु त्यांना लागणारी खोली, जेवण व वाहन ही पर्यटकाच्या गरजांहून वेगळी नाहीत.

प्रमुख समस्या : (१) मुक्कामाचा अभाव व उत्पन्नाची गळती : एखाद्या मेळाव्यासाठी आलेले विक्रेते संभाजीनगरातील हॉटेलात उतरले, तेथील वाहनाने जालन्यास आले आणि दिवसभराचे काम उरकून परतले, तर भोजनाचा काही भाग वगळता त्यांचा बहुतेक खर्च जिल्ह्याबाहेर होतो. मंडप, ध्वनियंत्रणा, छपाई व भोजनसामग्रीही बाहेरून आली तर स्थानिक उत्पन्न आणखी घटते. अर्थशास्त्रात यास गळती म्हणतात. आयात साहित्यावर आणि परदेशी मालकीच्या हॉटेलांवर चालणाऱ्या अनेक लहान बेटराष्ट्रांच्या पर्यटनात ही गळती ठळकपणे दिसते. जिल्ह्याच्या पातळीवरही तोच नियम लागू पडतो. म्हणून आलेल्यांची संख्या हे यशाचे पुरेसे गमक नव्हे. मुक्कामाच्या रात्री आणि जिल्ह्यात उरलेली रक्कम हे अधिक विश्वसनीय गमक होय.

(२) पाणी : मराठवाडा अवर्षणप्रवण आहे. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या आणि वस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले. शहराचा पाणीपुरवठा जुन्या घाणेवाडी जलाशयावर व पैठणहून आणलेल्या जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहे. खरीपपूर्व बियाणे व्यापाराची लगबग आणि लग्नसराई नेमकी चैत्र-वैशाखात, पाण्याच्या टंचाईच्या काळात येते. जेथे रहिवाशांना काही दिवसांआड पाणी मिळते, तेथे पाहुण्यांसाठी स्नानगृहे व हिरवळी यांवर मुबलक पाणी खर्च होऊ लागल्यास उद्योगाविषयी असंतोष निर्माण होणे स्वाभाविक आहे. यासाठी सांडपाण्याचा पुनर्वापर आणि पर्जन्यसंचय या गोष्टी येथे शोभेच्या नसून व्यवसायाच्या परवान्याइतक्याच आवश्यक ठरतात.

(३) देखभाल व संरक्षण : विकसनशील देशांत वास्तू उभारण्यासाठी निधी मिळतो, ती चालविण्यासाठी मिळत नाही. जपानच्या अर्थसाहाय्याने राबविलेल्या अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पात दोन्ही ठिकाणी मोठी अभ्यागत केंद्रे बांधण्यात आली. परंतु पुढे वीज व पाणी यांच्या थकबाकीपायी ती बंद पडली. जगप्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशी असे घडत असेल, तर कमी परिचित स्थळी केवळ इमारत उभारण्याने काय साधेल, याचा विचार करावा लागतो. संरक्षणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब येथील समर्थांच्या घराण्यातील पूजेच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या; काही आठवड्यांनी पोलिसांनी त्यांचा छडा लावला. ज्या वस्तूंसाठी लोक येतात, त्या वस्तूंची सूची, छायाचित्रण व सुरक्षितता हा पर्यटन विकासाचा पहिला खर्च असावा, हे या घटनेने दाखवून दिले.

(४) मनुष्यबळ : बीजशास्त्रज्ञ, मुनीम, भट्टीवरील कारागीर अशा कुशल मनुष्यबळाची जालन्यास परंपरा आहे, आतिथ्यव्यवसायातील शिक्षण मात्र मोठ्या शहरांत एकवटले आहे. नोंदणी, भाषांतर, प्रथमोपचार, स्वयंपाकघरातील स्वच्छता व स्थळदर्शन ही कामे शिकलेल्या तरुणांना पुणे-मुंबईत अधिक वेतन मिळते. हंगामी रोजगारावर असे तरुण गावात टिकत नाहीत.

(५) अनिश्चितता : हा उद्योग बाह्य आघातांपुढे दुबळा ठरतो. भारतात २०१९ मध्ये १ कोटी ९ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. कोविड–१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये ही संख्या सु. २७ लाखांवर घसरली. महाराष्ट्रातील देवस्थाने मार्च २०२० पासून १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत आणि पुन्हा एप्रिल २०२१ पासून ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत भाविकांसाठी बंद होती. देवस्थानाच्या वाटेवरील फूलवाले, रिक्षाचालक व खानावळवाले यांना या काळात दुसरा आधार नव्हता. शेतीची अनिश्चितता टाळण्यासाठी पर्यटनाकडे वळणाऱ्या कुटुंबास तेथेही तितकीच अनिश्चितता भेटते. म्हणून शेतीस पर्याय न मानता जोडधंदा म्हणूनच त्याचा स्वीकार करणे हितावह ठरते.

दळणवळणातील बदल : मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किमी. मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. जालना–मुंबई वंदे भारत गाडी ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. जालना–जळगाव या १७४ किमी. लांबीच्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली असून त्यामुळे अजिंठा परिसर रेल्वेने जोडला जाणे अपेक्षित आहे.

या सोयींचे परिणाम मात्र दुहेरी आहेत. वेगवान रस्ता पाहुण्यास लवकर आणतो, तसाच लवकर परतही नेतो. पूर्वी अंतरामुळे अपरिहार्य असलेला मुक्काम आता ऐच्छिक झाला आहे. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या वाहनास गाव लागत नाही, केवळ फलक दिसतो. चिकलठाणा विमानतळ आणि शेंद्रा औद्योगिक क्षेत्र जालना रस्त्यावरच असल्याने मोठी संमेलने संभाजीनगरकडे ओढली जातात. जी–२० गटाच्या ‘महिला–२०’ या शाखेची प्रारंभिक बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथेच झाली. या स्पर्धेत त्याच प्रकारचे सभागृह बांधून उतरणे जालन्यास परवडणारे नाही.

विकासाची दिशा : जालन्यास अनुकूल मार्ग म्हणजे जे इतरत्र हलविता येत नाही, त्याभोवती मुक्काम घडवून आणणे हा होय. शिवारफेरी, कोष बाजारातील लिलाव, पाणलोट क्षेत्र, मोसंबीच्या बागा, भोगवर्धनचे अवशेष व असईची रणभूमी ही सारी स्थानबद्ध आहेत. बियाणे विक्रेत्यांच्या एका दिवसाच्या मेळाव्यास दुसऱ्या दिवशी कडवंची व राजूरची किंवा भोकरदन व असईची जोड दिल्यास एक रात्र वाढते आणि त्या रात्रीचे उत्पन्न जिल्ह्यात उरते. यासाठी नव्या भव्य वास्तूची गरज नाही. लग्नसराईबाहेर रिकामी राहणारी मंगल कार्यालये, देवस्थानांचे भक्तनिवास व शैक्षणिक संस्थांची सभागृहे यांचा सामाईक उपयोग करता येतो. पिकांचे वेळापत्रक, उत्सवांच्या तिथी व सभागृहांची उपलब्धता एकत्र दाखविणारी जिल्ह्याची वार्षिक दिनदर्शिका हे यातील कमी खर्चाचे व सर्वांत निकडीचे साधन होय.

अशा नियोजनास समन्वयाची आवश्यकता असते. देवस्थानांचे विश्वस्त, बाजार समिती, बीजकंपन्या, पुरातत्त्व खाते, महसूल प्रशासन व नगरपालिका हे प्रत्येकी आपापल्या पाहुण्यांपुरता विचार करतात. राजुरास आलेला भाविक आणि मोंढ्यात आलेला व्यापारी यांच्या गरजांचा एकत्र हिशेब ठेवणारी यंत्रणा नसल्यास निवास व्यवसायात गुंतवणूक करू इच्छिणाऱ्यास खोल्या वर्षभर भरतील की नाही याचा अंदाज बांधता येत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पर्यटन धोरणात खाजगी गुंतवणुकीस सवलती देऊ केल्या आहेत. तथापि सवलतीने बांधकामाचा खर्च कमी होतो, ग्राहक निर्माण होत नाही.

जालन्याची पेठ पूर्वी समृद्ध झाली ती तेथे माल येत होता एवढ्यामुळे नव्हे, तर माल घेऊन आलेला व्यापारी सौदा पुरा होईपर्यंत तेथे राहत होता, त्यामुळेही होय. सराई, अडत व सावकारी हे व्यवसाय त्याच्या मुक्कामावर वाढले. पाहुण्याला थांबण्याजोगे कारण, निर्धास्त निवारा आणि रहिवाशांच्या तोंडचे न हिरावता दिलेले पाणी या तीन गोष्टी साधल्या, तरच नव्या महामार्गावरील वर्दळीचे जिल्ह्याच्या उत्पन्नात रूपांतर होऊ शकेल.